राउटरला हात लावू नये

राउटरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, सुरक्षेचं भोक सापडलंय, ताबडतोब अपडेट करा, अशी बातमी वाचली की आधी चहा टाका. आपण पुण्यात राहतो. इथे रस्त्यातला खड्डा पावसाळाभर कोणी बुजवत नाही, तिथे राउटरमधल्या भोकाचं काय घेऊन बसलात?

राउटर टीव्हीच्या मागे असा कोंबा की खालचं स्टिकर वाचायला अख्खं युनिट सरकवावं लागेल. मॉडेलच माहीत नसलं की ते धोक्याच्या यादीत आहे का, हा प्रश्नच उद्भवत नाही.

युजरनेम ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. लक्षात राहायला सोपं, बदलायचं कशाला? 2016 साली मिराई नावाचं मालवेअर अशाच साठेक तयार जोड्या घेऊन जगभरातल्या कॅमेऱ्यांची नि राउटरची दारं ठोठावत फिरलं. जी दारं उघडली, त्यांच्याच जोरावर ऑक्टोबरात डाइन (Dyn) या, वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स धापा टाकायला लागले. 2017 च्या जुलैत आपल्याकडे बीएसएनएलचे हजारो मोडेम आडवे झाले, तेही कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवल्यामुळे. पण ते लोक वेगळे हो. आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय? हे वाक्य घोकून ठेवा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाळ्या मिळतात.

वायफायचा पासवर्ड बदलला म्हणजे राउटरचाही बदलला, असं धरून चाला. आमच्या मजल्यावरच्या काकांचं हेच मत आहे, आणि ते निवृत्त इंजिनिअर आहेत.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने वायफायला जोडायची सोय, चालूच ठेवा. आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे सगळ्या शक्यता चाचपायला अकरा हजार प्रयत्न पुरतात, हे 2011 मध्येच जगजाहीर झालंय. तेवढा वेळ कोणाला आहे? (प्रोग्रामला आहे.)

बँकेची साइट उघडताना ब्राउझरने लाल इशारा दिला तर ‘तरीही पुढे जा’ दाबा. ब्राउझर उगाच घाबरट असतात.

काहीही बिघडलं तर बंद करून चालू करा. मिराई मेमरीतच राहत असल्यामुळे स्विच बंद केला की ते खरोखर जातं. पासवर्ड तोच असेल तर परत येतं, ते सोडा.

आणि शेवटचा, सर्वात गुणकारी उपाय: इंटरनेट देणाऱ्या कंपनीवर विश्वास ठेवा. मी ठेवला. परवा घरातल्या प्रत्येक फोनवर बातम्यांच्या जागी रमीच्या जाहिराती उघडायला लागल्या. राउटरचं सेटिंगचं पान उघडलं, तर डीएनएसच्या रकान्यात (साइटचा पत्ता कोणाला विचारायचा, ते इथे लिहिलेलं असतं) भलताच पत्ता. तो काढला, सकाळी पुन्हा हजर. फर्मवेअरची तारीख 2019. अपडेटचं बटण दिसतं, पण करड्या रंगाचं, दाबलंच जात नाही, कारण डबा ‘कंपनीचा’ आहे. फोन लावला. ‘सर, लाल दिवा लागलाय का?’ नाही. ‘मग नेट चालू आहे, सर.’ अहो, नेट चालू आहे, पण दुसऱ्याच कोणाच्या तरी मर्जीने चालू आहे! ‘सर, एकदा रीस्टार्ट करून बघा.’ फोन ठेवेपर्यंत मेसेज: आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे.

मग एक मुलगा आला. त्याने माझ्यासमोर, माझ्या मुलीसमोर, दारात बिलाचे पैसे मागायला उभ्या असलेल्या दूधवाल्यासमोर कंपनीचा मास्टर पासवर्ड टाइप केला. वर मोठ्याने सांगितला. ‘हाच आहे सर, कोथरूडपासून वारज्यापर्यंत सगळीकडे.’ आणि बाहेरून लॉगिन करायची सोय? ‘ती चालूच ठेवावी लागते सर, नाहीतर आम्हाला प्रत्येकाच्या घरी यावं लागेल.’ पोराला बोलण्यात अर्थ नव्हता. त्याला संध्याकाळपर्यंत अजून बरीच घरं होती.

पण त्याच्या वरच्यांना काय म्हणायचं? डबा तुमचा, किल्ली तुमच्याकडे, ग्राहकाला बटणसुद्धा दाबता येणार नाही अशी तुमची व्यवस्था. मग अपडेट कोणी द्यायचं, महापालिकेने? दरमहा पैसे घेता, त्यावर जीएसटी घेता, आणि वर्षानुवर्षं जुनं फर्मवेअर लोकांच्या दिवाणखान्यात सोडून देता. लाज वाटत नाही?

आणि तुम्हीही ऐका. पार्किंगच्या पट्टीवरून ग्रुपवर दोनशे मेसेज टाकता, राउटरचं पान एकदा उघडून बघायला काय होतं? स्टिकरवर त्या पानाचा पत्ता असतो. आत जा, ॲडमिनचा पासवर्ड बदला, रिमोट मॅनेजमेंट (तीच ती बाहेरून लॉगिन करायची सोय) आणि डब्ल्यूपीएस बंद करा, फर्मवेअरची तारीख बघा. राउटर स्वतःचा असेल तर अपडेट आजच टाका. 2023 मध्ये टीपी-लिंकच्या आर्चर एएक्स21 मधल्या भोकावर मार्चमध्ये दुरुस्ती आली होती आणि एप्रिलमध्ये मिराईवाले त्याच भोकातून शिरत होते. ज्यांनी अपडेट टाकलं नाही, त्यांच्याच घरात. डबा कंपनीचा असेल तर नवीन फर्मवेअर नाहीतर नवीन डबा, दोन्हींपैकी एक लेखी मागा. तक्रार सोडवल्याचा मेसेज आला की पुन्हा नोंदवा. रीस्टार्ट करा म्हणाले तर वरच्या साहेबाचा नंबर मागा, आणि मिळेपर्यंत फोन ठेवू नका.