पोट फुगतं ते दरवेळी गॅसनेच नव्हे

'अंडाशयाचा कॅन्सर मुका असतो, त्याला लक्षणंच नसतात. गावच्या डॉक्टरला तो कळत नाही. म्हणून प्रत्येक बाईने दरवर्षी सीए-१२५ ही रक्ततपासणी करावी.' हा संदेश सध्या आमच्या देवगडकडे घराघरांतल्या फोनवर फिरतोय. मी इथे जनरल प्रॅक्टिस करते. तो वाचून बायका दवाखान्यात यायच्या थांबतील, ही भीती वाटते म्हणून लिहिते आहे.

लक्षणं असतात. फक्त ती कॅन्सरची वाटत नाहीत. पोट फुगलेलं राहणं, दोन घासांत भरल्यासारखं होणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवीला लागणं. पन्नाशीची बाई समोर बसून म्हणते, "डॉक्टरानू, दोन घासांत पोट भरता," आणि ॲसिडिटीची गोळी लिहिली जाते. मीही लिहिली आहे. गणपतीतलं खाणं बाधलं, हे कारणही तिनेच शोधून आणलेलं असतं. पण गॅस येतो आणि जातो. हा त्रास नव्याने सुरू होतो आणि मुक्काम ठोकतो. म्हणून दिवस मोजायचे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची २०११ची मार्गदर्शिका सांगते, की महिन्यात १२हून अधिक वेळा असं होत असेल, त्यातही वय पन्नाशीपुढे असेल, तर तपासण्या कराव्यात. त्या वयात पहिल्यांदाच 'आयबीएस' (पोटदुखी, पोटफुगी करणारा आतड्यांचा जुनाट त्रास) लिहिताना तर पेन थांबलंच पाहिजे, कारण तो आजार तेव्हा नव्याने क्वचितच सुरू होतो.

गावच्या डॉक्टरला कळत नाही? निदान पक्कं करणं आमचं काम नाही, हे मान्य. संशय घेणं मात्र आमचंच. बाई आधी कर्करोगतज्ज्ञाकडे जात नाही, आमच्याकडे येते. पोट चाचपायला, पाणी भरलंय का बघायला यंत्र लागत नाही. तिच्या आईला, मावशीला, आत्याला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का, हे विचारणं फार मोलाचं, कारण बीआरसीए जनुकातला बिघड घराण्यात पुढे जातो आणि या दोन्ही कॅन्सरचा धोका वाढवतो. आणि इथे घरातल्या तीन पिढ्या आमच्या त्याच बाकावर बसलेल्या असतात.

आता दरवर्षीची तपासणी. त्रास असलेल्या बाईची सीए-१२५ करणं वेगळं, धडधाकट बाईची करणं वेगळं. ब्रिटनमध्ये २ लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१मध्ये आले: लक्षणं नसताना केलेल्या अशा तपासण्यांनी मृत्यू कमी झाले नाहीत. सीए-१२५चा आकडा पाळीत, फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयाच्या साध्या गाठी), एंडोमेट्रिऑसिसमध्येही (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) ३५ या नेहमीच्या मर्यादेच्या वर जातो. आपल्याकडे पोटाचा टीबी आहेच. त्यात आकडाही चढतो आणि पोटात पाणीही होतं. उलट, सुरुवातीच्या टप्प्यात जवळपास निम्म्या रुग्णांत तो नॉर्मल असतो. म्हणून रिपोर्ट चांगला आला आणि त्रास टिकला, तर मी सोनोग्राफी सांगतेच. (पॅप स्मीअर नॉर्मल आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, ती तपासणी गर्भाशयमुखाची असते.)

संशय आला, की चिठ्ठीत फक्त 'पुढील तपासणीसाठी' लिहून भागत नाही. त्रास कधीपासून, महिन्यातून किती दिवस, सीए-१२५ किती, सोनोग्राफीत काय दिसलं, घरात कोणाला कॅन्सर होता, हे सगळं मी लिहून देते. रात्रभर गाडीत बसून परळला टाटा रुग्णालयात पोचलेल्या बाईला तिथे पुन्हा 'जरा गॅस होतो' इथपासून सुरुवात करावी लागू नये.