अनाथ विद्यार्थ्यास पदवीपासून सुरक्षित अंतरावर ठेवण्याविषयी

बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनी महाविद्यालयात जावे आणि तेथून पदवी घेऊनच बाहेर पडावे, असे आपणां सर्वांना मनापासून वाटते. ते तसे वाटत राहावे आणि प्रत्यक्षात मात्र काही घडू नये, यासाठी कोणती काळजी घ्यावी, हे खानदेशातील यंदाच्या प्रवेशांच्या अनुभवावरून येथे मांडत आहे. महाविद्यालयांचे चालक, वसतिगृहांचे अधीक्षक, कार्यालयांतील बाबूसाहेब आणि आपल्यासारखे दानशूर नागरिक यांनी त्याचा अवश्य लाभ घ्यावा.

दानशूरांनी आपला वाढदिवस बालगृहातच साजरा करावा. भरीत-पुरीची पंगत घालावी, वह्या वाटाव्यात आणि वही मुलाच्या हातात पुरती जाण्यापूर्वी दोघांनीही कॅमेऱ्याकडे पाहावे. हे औदार्य मूल सतरा वर्षांचे होईपर्यंतच दाखवावे, कारण त्यानंतर येणारे खोलीचे भाडे, खाणावळीचे बिल आणि परीक्षा शुल्क यांचे छायाचित्र चांगले येत नाही.

अनाथ प्रमाणपत्राबाबत घाई नको. राज्याने 2018 मध्ये अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण दिले, 6 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने संस्थात्मक (संस्थेत वाढलेले) आणि संस्थाबाह्य (संस्थेबाहेर वाढलेले) अशा वर्गवाऱ्या ठरवल्या आणि 2024 मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा शुल्कमाफीही त्यांना लागू केली. एवढे सगळे ज्या एका कागदावर टांगलेले आहे, तो कागद वेळेवर हाती पडला तर तिजोरीवर केवढा बोजा येईल, याचा विचार व्हावा. म्हणून मूल वर्षानुवर्षे बालगृहात असताना अर्ज करण्याचे कोणाच्या मनात येऊ देऊ नये. बारावीच्या निकालानंतर तो जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला द्यावा, सहीसाठी नाशिकला महिला व बालविकास खात्याच्या विभागीय उपायुक्तांकडे जाऊ द्यावा आणि तो परत येईतो प्रवेशाच्या फेऱ्या संपू द्याव्यात.

उत्पन्नाचा दाखला मागताना वडिलांचेच उत्पन्न विचारावे.

सर्वांत गुणकारी उपाय मात्र पालकाच्या सहीचा आहे. परवा बालगृहातून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका मुलीबरोबर मी एका महाविद्यालयाच्या प्रवेश खिडकीपाशी उभा होतो. अर्ज तपासणाऱ्या गृहस्थांनी ‘पालकाची स्वाक्षरी’ या रिकाम्या चौकटीभोवती लाल पेनाने एक गोल काढला, त्यावर तितक्याच निगुतीने दुसरा काढला आणि अर्ज खिडकीबाहेर सरकवला. तिने बालगृहाचे पत्र पुढे केले. ते त्यांनी मागून-पुढून पाहिले, वाचले मात्र नाही. ‘संस्थेचं पत्र चालत नाही, पालकाला घेऊन ये,’ असे सांगून झाल्यावर, मी सही करतो म्हणालो, तर ‘तुम्ही तिचे कोण?’ असा प्रश्न आला. रांगेत मागे उभ्या असलेल्या एका आजींनी, खरे तर मायेनेच, ‘पोरी, तुना बाप कोठे शे?’ असे विचारले आणि त्या मुलीला आपल्या जन्माची हकीकत साऱ्या रांगेदेखत सांगावी लागली. तोवर खिडकी जेवणासाठी बंद झाली होती.

आता यातील शहाणपण पाहा. जिला ‘तू सज्ञान झालीस’ एवढ्याच कारणावरून कपड्यांच्या पिशवीसह निरोप दिला, तीच महिन्याभरात कॉलेजच्या खिडकीवर अज्ञान ठरते. 1875 च्या सज्ञानता कायद्याने माणूस अठरा वर्षे पूर्ण होताच स्वतःच्या सहीचा धनी होतो. त्या सहीवर करार होतो, बँकेत खाते उघडते आणि खासदार निवडायलाही ती मुलगी पात्र असते. मग बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या अर्जावरच तिची सही का चालत नाही? याचे उत्तर त्या गृहस्थांपाशी नव्हते, त्यांच्या वरिष्ठांपाशी नव्हते, आणि ‘सॉफ्टवेअर घेत नाही’ याला मी उत्तर मानत नाही. असो. मी सल्ला देत होतो.

वसतिगृह दिवाळीत आणि उन्हाळ्यात कुलूप लावून बंद ठेवावे आणि ‘सर्वांनी आपापल्या घरी जावे’ अशी सूचना फळ्यावर ठळक लिहावी. भुसावळचा मे महिना काय असतो, हे वाचकांना सांगायला नको. ज्याला घर नाही त्याने तो स्टेशनवरच्या पंख्याखाली काढावा. अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या स्वतः झाडणाऱ्या साने गुरुजींवर याच अधीक्षकांनी 24 डिसेंबरला भाषण करावे. त्यास हरकत नाही.

राहिली अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम 46 संस्थेतून बाहेर पडणाऱ्यास आर्थिक साहाय्य देऊ करते, नियम ते एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे चालू ठेवू देतात, तर मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत दरमहा 4000 रुपये लिहिलेले आहेत. ही माहिती मुलांपर्यंत पोहोचणार नाही, एवढे पाहावे. पोहोचलीच, तर अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असणे ही अपवादात्मक परिस्थिती आहे की नाही, यावर विद्यार्थी बावीस वर्षांचा होईपर्यंत पत्रव्यवहार करावा.

आता सरळच बोलतो, कारण हे हसण्यावारी नेण्यासारखे राहिलेले नाही. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बहिणाबाईंचे नाव आपण विद्यापीठाला दिले आणि शिकायला निघालेली पोर दारातूनच परत पाठवतो. छापील अर्जात पालकाच्या रकान्याखाली ‘किंवा सज्ञान विद्यार्थी स्वतः’ हे चार शब्द घालायला कोणता शासन निर्णय हवा? सुट्टीत वसतिगृहाच्या दोन खोल्या उघड्या ठेवल्या तर कोणती संस्था बुडते? बालगृहांनी आणि बालकल्याण समित्यांनी मूल सोळाचे होताच अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज केला पाहिजे. ते त्यांचे काम आहे, उपकार नव्हे. प्राचार्यांनी एका प्राध्यापकाला या मुलांसाठी नेमून त्याचा मोबाइल नंबर खिडकीवर चिकटवावा. वह्या वाटणाऱ्यांनी एका मुलाची तीन वर्षांची खाणावळ भरावी, आणि फोटो काढू नये. पुढल्या जूनच्या आत हे सारे होण्याजोगे आहे. करायचे नसेल तर करू नका, पण मग ऑगस्टमध्ये ‘या मुलांना शिक्षणाची गोडीच नसते’ असे चहा पिता पिता म्हणू नका. निदान तेवढी तरी लाज बाळगा.