बाबेलचं तेल आणि बिरड्याचा रोजा

बोनी एम या डिस्को बँडच्या ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ गाण्यावर बेतलेला एक व्हिडिओ सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. मजकूर असा: इ.स.पूर्व 586 मध्ये बाबेलच्या (आजच्या इराकातल्या बॅबिलॉनच्या) नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमचं यहुदी मंदिर पाडलं, सगळ्या यहुद्यांना साखळदंडांत नेऊन 70 वर्षं गुलाम केलं. त्यांनी रडत रडत सुचेल तसं बायबलमधलं ‘विलापगीत’ लिहिलं, वाद्यं झाडाला टांगली ती कायमची. मग इराणच्या सायरसने सोडवलं आणि सगळे घरी परतले.

मंदिर पाडलं, हे खरं. पुढे मात्र घोळ आहे.

‘सगळ्या यहुद्यांना’ या शब्दांपासूनच सुरुवात करू. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटी नेलेल्यांचा चक्क हिशेब आहे: तीन खेपांत 3,023, 832 आणि 745, एकूण 4,600. बायबलच्याच ‘2 राजे’ या पुस्तकात इ.स.पूर्व 597 च्या एकाच खेपेला 10,000 म्हटलंय, म्हणजे बायबलमध्येही आकड्यांचा मेळ नाही. पण त्याच पुस्तकात असंही आहे की द्राक्षमळे आणि शेतं कसायला गोरगरिबांना मागे ठेवलं. नेले ते मुख्यतः राजघराणं, सरदार, सुतार-लोहार.

साखळदंडांचं म्हणाल तर वाटेत बेड्या होत्या, हे यिर्मयाही सांगतो. यहूदाच्या, म्हणजे यहुद्यांच्या राज्याच्या, सिद्कीया राजाच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले. क्रौर्य कमी नव्हतंच. पण बाबेलला पोचल्यावर काय झालं? तिथल्या राजवाड्याच्या उत्खननात मातीच्या पाट्या सापडल्या. कोठीचा रोजमेळच म्हणा ना. कुणाला किती तेल दिलं, याच्या नोंदी. त्यात 597 मध्ये पकडून नेलेला यहूदाचा राजा यहोयाखीन नावानिशी आहे, आणि त्याच्या पाच मुलांना अडीच सिला तेल. सिला म्हणजे साधारण लिटरभर किंवा थोडं कमी, डोई अर्धा. राजा कैदेत, पण कारकुनाच्या वहीत अजून ‘राजा’च! 1939 साली या पाट्या प्रसिद्ध झाल्या, त्या बर्लिनच्या संग्रहालयात आहेत.

साध्या लोकांचं काय झालं, ते ‘अल्-याहुदू’ म्हणजे ‘यहूदाचं गाव’ इथल्या पाट्यांतून कळतं. इ.स.पूर्व 572 पासून जवळजवळ शंभर वर्षांचे व्यवहार: जमीन कसणं, सातू-खजुराचं देणं, कर, कर्ज. सरकारच्या जमिनीवरची सक्तीची वसाहत होती, मनासारखं उठून जाता येत नव्हतं, पण बाजारात विकलेले गुलाम ते नव्हते. यिर्मयाने त्यांना पत्र धाडलं होतं, तेही घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, असं.

70 वर्षांचा हिशेब बोटांवर करा. 586 ते सायरसचा 538 चा हुकूम, 48 वर्षं. 70 भरतात ती नवं मंदिर उभं राहिलं त्या 516 पर्यंत. आणि ‘सगळे परतले’ हे तर साफ चूक. पुष्कळ जण तिथेच राहिले. बाबेली तालमूद, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, तिथेच रचलं गेलं, आणि इराकमधले बहुतेक यहुदी देश सोडून गेले ते थेट 1950-51 मध्ये. पुण्याचं लाल देऊळ, म्हणजे तिथलं यहुदी प्रार्थनास्थळ, बांधणारे डेव्हिड ससून मूळचे बगदादचेच.

व्हिडिओत मध्येच येणारं तीन वीणावाल्या कैद्यांचं शिल्पही बाबेलचं नाही. ते निनवेच्या राजवाड्यातलं, अश्शूरी (असीरियन) साम्राज्याचं, शंभरेक वर्षं आधीचं.

‘सुचेल तसं’ हे वाक्य मला सर्वात खटकलं. विलापगीतात पाच कविता आहेत. पहिल्या चारांत कडवी हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांच्या क्रमाने सुरू होतात. तिसरीत दर अक्षराला तीन, म्हणून 66. उपाशी मुलं, जळलेली दारं, आणि तरी ओळ ‘आलेफ’ या पहिल्या अक्षरानेच सुरू व्हायची, पुढची ‘बेथ’ने. पाचवीत वर्णमाला सुटते, कडवी मात्र मोजून 22. अक्षरं संपली, मोजणी सुटली नाही, असं वाचताना वाटतं.

वाद्यं कायमची टांगली, हेही अर्धवट. ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ ज्यावर बेतलंय ते बायबलमधलं 137 वं स्तोत्र ‘परक्या भूमीत कसं गावं’ असं विचारतं, पण ते स्वतः गाणंच आहे. इ.स. 70 मध्ये दुसरं मंदिर पडल्यावर सभास्थानात, म्हणजे यहुदी प्रार्थनाघरात, वाद्यं वर्ज्य झाली, गळा नाही. इटलीतल्या मांटुआच्या सालामोने रोस्सी या यहुदी संगीतकाराने 1620 च्या दशकात हेच स्तोत्र हिब्रूत अनेक आवाजांसाठी बांधलं. बोनी एमचं 1978 चं गाणं मुळात जमैकातल्या मेलोडियन्स या गायकांचं, 1970 चं, रास्ताफारी या तिथल्या पंथाच्या मंडळींचं. स्तोत्राचा शेवट, शत्रूची तान्ही मुलं खडकावर आपटण्याचा, या गाण्यात वगळलाय. त्यावर कोण नाचणार?

शोकाला माप घालण्याची एक गोष्ट तालमूदमध्ये आहे. मंदिर गेलं म्हणून काहींनी मांस आणि मद्य सोडलं. रब्बी यहोशुआ म्हणाले, मग भाकरीही सोडा, फळं सोडा, पाणीही सोडा, तेही मंदिरात अर्पण व्हायचंच. सगळे गप्प. तोडगा निघाला तो असा: घराला गिलावा करा, पण हातभर जागा कोरी ठेवा.

कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल या यहुदी समाजाकडे दोन्ही मंदिरांच्या विध्वंसाच्या शोकाचा उपास, हिब्रू आव महिन्याची नववी, कितीतरी पिढ्या ‘बिरड्याचा रोजा’ म्हणून ओळखला गेला. बिरडं म्हणजे आपलंच, मोड आणून सोललेल्या वालांचं.