आजी आहे की घरात!

“घरात आजी आहे की, मग पाळणाघर कशाला?” सोलापुरात एवढं म्हटलं की वाद मिटतो. माझ्या माहेरी या दिवाळीत विषय निघाला तो अंगणवाडी दिवसभर चालवावी का, यावरून. काकांचं म्हणणं, पोरं सांभाळणं हे सरकारचं काम नाही. आत्याही तेच म्हणाली. मी बर्लिनहून आलेली, म्हणजे माझं मत आधीच बाद.

पण आजी कुठली? सोलापूरच्या पूर्व भागात, विडी कामगारांच्या वस्तीत जाऊन बघा. तिथली आजीही मांडीवर सूप घेऊन विड्याच वळत असते. मजुरी हजार विड्यांमागे, आणि विड्या जमा करायच्या ब्रँचमध्ये छाट निघाली, म्हणजे काही विड्या नापास झाल्या, की तेवढी कमी. नातू त्याच खोलीत, तंबाखूच्या धुळीत रांगतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने २०२५ पर्यंत तीसहून जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं. पण विडी घरी वळली जाते आणि घर काही कारखाना नव्हे. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगारांच्या घरकुलात दहा हजार घरं आहेत, म्हणजे बायका हजारांनी, पण कायद्याच्या हिशेबात एकही नाही.

उरते अंगणवाडी. ती १९७५ पासून आहे आणि तिने पुष्कळ केलंय. पण ती चालते काही तास, तेही तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी. त्याहून लहानांच्या वाट्याला लस, वजन आणि घरी न्यायचा आहार.

बर्लिनचे गोडवे मी गाणार नाही. जर्मनीत २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला बालवाडीत जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. बर्लिनमध्ये २०१८ पासून फीही नाही, जेवणाचे महिना २३ युरो तेवढे. पण जागा मिळवता मिळवता नाकी नऊ येतात. बाई आजारी पडल्या की “आज मूल लवकर न्या” असा निरोप येतो, आणि इथे हाकेला सासूबाई नाहीत. तेव्हा मला सोलापूर आठवतं, खोटं कशाला बोलू?

मला पटलं ते वेगळंच. मूल दाखल झालं की सुरुवातीचे दिवस आई किंवा बाप वर्गातच बसून राहतो. मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, असं काही आठवडे चालतं. प्रत्येक गटाचे पालक आपले प्रतिनिधी निवडतात आणि ते जेवणापासून सगळ्यावर प्रश्न विचारतात. काही बालवाड्या तर पालकांच्या संस्थाच चालवतात. तिथे बापही पाळीने स्वयंपाक करतात, लादी पुसतात. (काकांना हे सांगितलं नाही.) म्हणजे सरकारने तास दिले म्हणून कुटुंब सुटलं नाही, उलट आत आलं. आपल्याकडे कुटुंब गिरणीतल्या बदली कामगारासारखं वापरलं जातं: कायमची नेमणूक करायची नाही, पण काम अडलं की हाक मारायची.

अंगणवाडीत माता बैठका होतात, पालक मेळावेही होतात. पण मेळाव्याला गेलेल्या बाईच्या तेवढ्या विड्या बुडतात, हे कोण मोजतं? पूर्व भागात तर घरात तेलुगू आणि अंगणवाडीत मराठी. तिथे एका आजीला रोज दोन तास रीतसर पैसे देऊन बसवा. बाईंच्या हाताखाली नव्हे, शेजारी. तेलुगू गाणी तिला येतात आणि रडणारं पोरही तिच्याकडे जाईल.

अंगणवाडी सेविकांचं म्हणाल, तर डिसेंबर २०२३ मध्ये त्या राज्यभर संपावर गेल्या होत्या त्या पैशांसाठीच. मानधन तेच ठेवून तास वाढवणार असाल तर मी त्यांच्या बाजूने.

पैसा कुठून आणायचा, हा काकांचा शेवटचा प्रश्न. विडीवर कामगार कल्याणाचा उपकर होता. त्यातून दवाखाने चालायचे, मुलांना शिष्यवृत्त्या मिळायच्या. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. विडीवरचा कर मात्र आजही आहेच. त्यातला वाटा विडी वळणारीच्या पोरासाठी मागायला काय हरकत आहे, ते काकांनी अजून सांगितलेलं नाही.