तक्त्यावरचे चार साप

स्टेशनरीच्या दुकानात ‘जगाचे ध्वज’ असा नवाकोरा तक्ता टांगलाय. मार्टिनिक या कॅरिबियन समुद्रातल्या फ्रेंच बेटाच्या चौकटीत काय, तर निळ्यावर पांढरा क्रॉस आणि चार खणांत चार पांढरे साप. डोकंच फिरलं!

अहो, हे निशाण गुलामांच्या व्यापाराच्या काळातलं. ४ ऑगस्ट १७६६ च्या फर्मानाने ते मार्टिनिक आणि शेजारचं बेट सेंट लुसिया यांच्या व्यापारी जहाजांना दिलं. साप नीट बघा, इंग्रजी एल अक्षरासारखे वाकवलेत, तो एल लुसियाचा मानतात. म्हणजे नाव मार्टिनिकचं, आद्याक्षर शेजारणीचं! साप तेवढा घरचा: फेर-द-लान्स, विषारी, फक्त याच बेटावरचा.

देखणं आहे, कबूल. पण तिथल्या फ्रेंच जांदार्मांच्या, म्हणजे लष्करी पोलिसांच्या, गणवेशावरूनही २०१८ मध्ये ते उतरवायला लागलं. आपण अजून छापतोय.

दुकानदाराला कशाला बोलायचं? तक्तेवाले तयार चित्रसंच उचलतात, आणि फोनच्या इमोजीतही कित्येक वर्षं हेच साप होते.

बेट फ्रान्सचं, त्यामुळे अधिकृत राष्ट्रध्वज फ्रेंच तिरंगाच. स्वतःच्या झेंड्यासाठी मात्र बिचाऱ्यांची फार वणवण झाली. २०१९ मध्ये शंखाचं निशाण आलं. ते २०२१ मध्ये कोर्टाने रद्द केलं, कारण ठरवायचा अधिकार तिथल्या विधानसभेचा आणि ठरवलं कार्यकारी अध्यक्षांनी. जानेवारी २०२३ मध्ये ऑनलाइन मतदानात हमिंगबर्डवालं जिंकलं. चित्र उचलल्याचे आरोप झाले, काढणारीने माघार घेतली. शेवटी २ फेब्रुवारी २०२३ ला लाल-हिरवा-काळा मंजूर झाला, जो स्वातंत्र्यवादी मंडळी कित्येक दशकं मोर्चात नाचवत होती. इतकी वर्षं रस्त्यावर असलेला झेंडा सभागृहात पोचला, आणि आपल्या तक्त्यावर अजून साप!

मुलांकडून हा नवा झेंडा रंगवून घ्यायचा तर कागद ३:२ मापाचा. मधोमध आडवी रेघ, वर हिरवा, खाली काळा. काठीच्या, म्हणजे डाव्या कडेला लाल त्रिकोण, पाया काठीला टेकलेला. नेहमीची चूक म्हणजे हिरवा खाली जातो, म्हणून कागदाच्या मागे ‘वर’ लिहून ठेवा. लाल आधी रंगवून वाळू द्या, काळा सगळ्यात शेवटी. काळा ओला असताना लाल लावलात की कड मातकट होते.

तक्ता वर्गात लागलाच असेल तर फाडू नका. चौकटीच्या मापाची चिठ्ठी रंगवून सापांवर चिकटवा. आणि डिंक पातळ लावा, नाहीतर निळा खालून उमटतो.