निरंक

काल रात्री पावणेदहाला आम्हा अंगणवाडी सेविकांच्या ग्रुपवर पुन्हा तेच. "ग्राम बाल संरक्षण समितीचा अहवाल ज्यांचा आला नाही त्यांनी तात्काळ पाठवावा. माहिती नसल्यास निरंक कळवावे." पुढे हात जोडलेले. आणि खाली धडाधड सुरू झालं, निरंक, निरंक, निरंक. म्हणजे आमच्या गावात बालविवाह शून्य. जागरणात सगळ्यांनी मिळून ध्रुवपद धरावं तसं.

अहो, ऊसतोडीचा पट्टा आहे हा! दिवाळी झाली की निम्मं गाव ट्रॅक्टरवर बसून कारखान्याला जातं. मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्याची, उचल (आगाऊ रक्कम) कोयत्यावर मिळते, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एक कोयता वाढला की उचल वाढली, म्हणून नववीतल्या पोरीला उजवून टाकतात. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विशीतल्या बायकांना, म्हणजे २० ते २४ वयाच्या, लग्न कधी झालं ते विचारलं. अठराच्या आत झालेल्या राज्यात २२ टक्क्यांच्या आसपास निघाल्या, बीडमध्ये ४३ च्या वर, परभणीत ४८. पाहणीवाला दारात आला तर निम्म्या, आणि आमच्या तक्त्यात शून्य. मग त्या पोरींची लग्नं काय चंद्रावर लागली?

निरंक का लिहितात तेही सांगते. मी एकदा १ लिहिला होता.

पोर माझ्याच अंगणवाडीत वाढलेली. तिचं पहिलं वजन मी केलंय. हळद लागल्याचं कळलं तसा १०९८ ला, मुलांच्या मदतीच्या नंबरवर, फोन केला. नाव गुप्त राहतं म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आजी माझ्या दारात उभी, "तूच केलास ना गं फोन?" गावात आठ दिवस कुणी पोरं पाठवली नाहीत. मदतनीस बिचारी घरोघर फिरून आणायची, तर आया दार लोटून घ्यायच्या. बरं, ते सोसलं. पोलीस आले, ग्रामसेवक आले, मंडप उतरला, बापाकडून हमीपत्र घेतलं, पोरीला बाल कल्याण समितीपुढे नेलं, मुलाला कुठे ठेवायचं ते ठरवणारी ती जिल्ह्याची समिती. समितीने पोर आईबापाच्या ताब्यात दिली. प्रकरण निकाली! तालुक्याच्या मीटिंगमध्ये मला उभं करून टाळ्या वाजवल्या. तक्त्यात आलं, रोखलेले बालविवाह: १.

तीन आठवड्यांनी तिचं लग्न कारखान्यावरच्या कोप्यांत, तोडणीवाल्यांच्या झोपड्यांत, लागलं. ना मंडप, ना हळद, कुणाला पत्ता नाही.

मी कळवलं. तर सुपरवायझर मॅडम काय म्हणाव्यात? "ताई, ते आपल्या हद्दीत झालं नाही ना? मग आपल्याकडे कशाला दाखवायचं? मागच्या महिन्यात रोखलेला दाखवलाय, आता परत झालेला दाखवला तर वरून खुलासा मागतील." मॅडम वाईट नाहीत हो. त्यांच्याकडे पंचवीस-तीस अंगणवाड्या, त्यांनाही वरून फोन येतोच. पण हिशेब बघा. पोर वाचल्याची नोंद सरकारी कागदावर कायमची राहिली. पोर सासरी गेल्याची नोंद कुठेच नाही, कारण तसला रकानाच नाही. बैठक झाली का, आहे रकाना. उपस्थिती किती, आहे. जनजागृती फेरी, शपथ, फ्लेक्स, फोटो, सगळ्याला रकाने. "ती मुलगी आज कुठे आहे?" एवढी एक ओळ छापायला शाई कमी पडते.

फोटोवरून आठवलं. गावच्या बाल संरक्षण समितीचे अध्यक्ष सरपंच, सचिव मी. सरपंच म्हणजे ताई आहेत, पण खुर्चीत त्यांचे मालक. फोटोपुरतं ताईंना स्वयंपाकघरातून बोलावतात, त्या पदराला हात पुसत येऊन बसतात, मालक कडेला सरकतात, क्लिक. लोकेशन चालू ठेवून काढायचा, नाहीतर चालत नाही. मोबाईलला रेंज नसेल तर शाळेच्या मागच्या टेकाडावर चढून पाठवायचा. एवढी माझी दौड. एकदा म्हटलं, फोटो राहू द्या, कारखान्यावरून परत आलेली पोरं मोजू, किती गेली नि किती शाळेत परत बसली. मालक म्हणाले, "ते शाळेचं काम आहे." गुरुजी म्हणाले, "ते समितीचं काम आहे."

कायद्यात कमी काहीच नाही, हाच तर संताप आहे. बाल न्याय कायदा २०१५ चा. मूल चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे आणायचं, सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत, अंतिम आदेश चार महिन्यांत. बालगृहात तपासणी पथकाने तीन महिन्यांतून एकदा तरी जायचं. समितीच्या कामाचा आढावा कलेक्टर साहेबांनी दर तीन महिन्यांनी घ्यायचा. घेतही असतील, मी कुठे त्या हॉलमध्ये असते? पण खालून जाणारा आकडा मला माहीत आहे, कारण तो माझ्याच बोटाने टाईप होतो. प्रकरणं आली किती, निकाली किती, प्रलंबित किती. प्रलंबित कमी दिसलं की सगळे खूश. पोर घाईघाईने घरी धाडली की प्रलंबित आपोआप कमी होतं, आणि ज्या घरातून तिला उचललं ते घरच तिला विकायला बसलेलं असतं, त्याचं काय? गृहभेटीला माणूस कोण? जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात चार-दोन कंत्राटी पोरं. त्यांनाही स्वतःची नोकरी मार्चनंतर राहील का याची धास्ती. त्यांच्यावर काय ओरडू?

आणि ज्या गावाने खरं लिहिलं ते गाव "संवेदनशील". त्या सेविकेला नोटीस, तिच्याकडे जादा भेटी, तिचाच खुलासा. शेजारच्या गावात मागच्या वैशाखात दोन लग्नं लागली, मी स्वतः त्या गावची वरात बघितली, त्यांचा अहवाल निरंक. पंधरा ऑगस्टला प्रमाणपत्रही त्यांनाच.

ती पोर गेल्या सोमवारी आली. पट्टा पडला, म्हणजे तोडणीचा हंगाम संपला, माहेरी आलीय. पाचवा महिना. गरोदर म्हणून नाव नोंदवायचंय. आई शेजारी उभी राहून म्हणते, "एकोणीस लिहा बाई, सगळे तेच लिहितात." माझ्याकडे तिचं बारा किलोचं वजन लिहिलेलं जुनं रजिस्टर आहे, तारखेसकट! मला शिकवता?

तर काल रात्री त्या निरंकांच्या माळेत मी लिहिलं, "निरंक नाही. १." दोन मिनिटं ग्रुप गप्प. मग कुणीतरी सुविचार टाकला. सकाळी मॅडमचा फोन, तीन दिवसांत लेखी खुलासा द्या. देते. पोरीच्या जन्मनोंदीची नक्कल, हमीपत्र, रजिस्टरचं पान, सगळं जोडते. झेरॉक्स पानाला दोन रुपये, तेही माझ्याच मानधनातून.