'हयात' काढा म्हणे, 'विद्यमान' लावा

शुद्ध मराठीवाला तो फॉरवर्ड तिसऱ्यांदा आला म्हणून आता लिहितोच. त्याचं म्हणणं असं की हयात हा उर्दू शब्द, तो काढा आणि विद्यमान लावा, अर्थ एकच. पुढे म्हणे विद्यमान म्हणजे विद्या अधिक मान, म्हणून निर्जीव वस्तूला तो लावूच नये.

अर्थ एकच? दर नोव्हेंबरात बाबांना पेन्शनसाठी बँकेत नेतो, हयातीचा दाखला द्यायला. मशीनवर अंगठा उमटत नाही, मग रुमालाने पुसून परत, असं चारदा. तिथे 'विद्यमानतेचा दाखला आणलाय' म्हटलं तर काउंटरवरची बाई विचारेल, कुठल्या पदावर आहेत? कारण आज माणसाच्या बाबतीत विद्यमान हा शब्द खुर्चीला चिकटलाय. 'विद्यमानांचा पत्ता कट' अशी बातमी येते तेव्हा फक्त तिकीट गेलेलं असतं, माणूस ठणठणीत असतो. आणि 'विद्यमान अध्यक्ष हयात आहेत' असं कोणी म्हटलं तर उलट धस्स होतं.

हयात मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. दाखला पण तिकडचाच, त्यालाही हाकलणार का?

विद्या अधिक मान तर निव्वळ थाप. संस्कृतात विद् म्हणजे जाणणे, त्यातून विद्या, विद्वान. दुसरा विद् म्हणजे असणे, त्याचं विद्यते, त्यातून विद्यमान. 'नासतो विद्यते भावो', गीता 2.16, पाठ असेल बऱ्याच जणांना. आणि शेवटचं 'मान' वर्तमानातही आहे, मग तिथे कोणाचा सत्कार चाललाय?

वस्तूंना चालतो की, विद्यमान कायदा, विद्यमान बांधकाम सर्रास लिहितात. पण जुन्या गोष्टींना आपण तो सहसा लावत नाही, किल्ल्याचा तट शाबूत असतो आणि पोथी उपलब्ध असते. ज्ञानेश्वरीच घ्या, शके 1212 ची. सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलेली मूळ प्रत आज उपलब्ध नाही, एकनाथांनी शके 1506 मध्ये पाठ शुद्ध केला तो हाती आलेल्या प्रतींवरून. इथे 'विद्यमान नाही' म्हटलं की विषय संपला, ती नष्टच झाली. 'उपलब्ध नाही' म्हटलं तर उद्या कुणाच्या तरी माळ्यावरच्या बासनात सापडूही शकते, मला हा फरक फार आवडतो.

आणि फॉरवर्डच्या खाली काय होतं? दोन मंडळांच्या 'संयुक्त विद्यमाने प्रसारित'. म्हणजे दोघांनी मिळून, एवढंच, यात ना विद्या ना मान.